आबांचं आवतण

देवावर माझा विश्वास लहानपणापासूनचा आहे, पण सगळं त्याच्यावर सोडून देणं मला कधी जमलं नाही. प्रार्थना करायची आणि लगेच उठून स्वतःच पदर खोचून कामाला लागायचं, हा माझा खाक्या. नाताळची सजावट असो की संडेस्कूलच्या पोरांचं नाटक, मी हात घातल्याशिवाय ते होणारच नाही अशी माझी पक्की समजूत. चर्चच्या मंडळीतले लोक मला हसून मॅनेजरबाई म्हणतात आणि मला ते मनातून आवडतंही. पण यंदा लेंट या आमच्या उपवासकाळाच्या तोंडावर जे घडलं ते आठवलं, की अजून मला एका जागी बसवत नाही. कुणाला तरी सांगावंसं वाटतं, म्हणून लिहायला घेतलं.

शेळगावकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव आहे. उसाच्या रानाला लागून आमचं लूथरन चर्च. वर पत्रा, दारात कडुनिंब, आणि आत बसायला मोजकीच कुटुंबं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, एकटेच आसपासच्या बऱ्याच मंडळ्या सांभाळतात, त्यामुळे आमच्या वाट्याला ते अधूनमधून येतात. माझे सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, ते मंडळीचे सर्वांत जुने पंच. चर्च बांधलं तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. दगड त्यांनी डोक्यावरून वाहिले. बांधून झाल्यावर त्या आनंदात त्यांनी गावाला प्रीतिभोजनाचं आवतण दिलं. उपासनेनंतर पाळकापासून पोरासोरांपर्यंत सगळ्यांनी एका पंगतीत बसून जेवायचं, याला आम्ही प्रीतिभोजन म्हणतो. पण तो काळ वेगळा होता. कुणी कुणाच्या हातचं खायचं हे ठरलेलं असे. बौद्ध वस्तीवरची माणसं तेवढी आली. बाकी गाव तोंडावर "येतो" म्हणालं आणि फिरकलं नाही. लापशीची पातेली गुरांपुढे ठेवावी लागली. आबा कुणावर रागावले नाहीत. पुढे गावातल्या लग्नाला गेले, मयताला खांदा दिला, डेअरीवर रोज सगळ्यांबरोबर चहा प्यायले. फक्त चर्चच्या पंगतीला त्यांनी गावाला पुन्हा कधी बोलावलं नाही. हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं. आबा स्वतः त्यावर एक अक्षर बोलत नाहीत.

असं असूनही मंडळीच्या यंदाच्या बैठकीत मी तोच विषय काढला. पत्रकं वाटून आपण सुवार्ता सांगतो म्हणतो, पण शेजाऱ्याला जेवायला बोलावत नाही, हे कसं, असं मी तावातावाने विचारलं. आबा खाली बघत म्हणाले, "कोन येतंय? उगं फजिती व्हईल." मी हट्टाला पेटले. काळ बदललाय, माणसं बदललीत, आणि आवतण तुम्हीच द्यायचं, तुमच्याशिवाय कुणाच्या शब्दाला वजन नाही, असं म्हणून मी त्यांना भरीला घातलं. शेवटी आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, फेटा बांधला आणि काठी टेकत ते घरोघर फिरले. परत आले तेव्हा घामाघूम झाले होते, पण चेहरा खुलला होता. "समदी येनार म्हनत्यात," ते म्हणाले. आणि पाणी पिऊन झाल्यावर हळूच म्हणाले, "मागच्या येळंला बी असंच म्हनली हुती." तेव्हा मला पहिल्यांदा धास्ती वाटली. या वयात त्यांना तेच दुसऱ्यांदा बघावं लागलं तर त्याला कारण मीच ठरणार होते.

त्यात ऐनवेळी पाळकसाहेबांना डाळजला एक लग्न लावायला जावं लागलं आणि पंगत एका रविवारने पुढे ढकलावी लागली. मी भिंतीवरचं चर्चचं कॅलेंडर बघितलं. नव्या रविवारनंतरच्या बुधवारी राखेचा बुधवार, म्हणजे तिथून आमचा लेंट, उपवासाचा आणि पश्चात्तापाचा काळ सुरू. उपवासाआधी भरपेट पंगत! मला तर देवानेच तारीख काढून दिल्यासारखं वाटलं. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी निरोप टाकला. कुणी हात जोडले, कुणी अंगठा दाखवला, आणि मी निर्धास्त झाले.

आदल्या दिवशी शनिवारी बारामतीच्या मंडईत वांगी-टोमॅटो आणायला गेले. बघते तर जिकडेतिकडे रताळ्यांचे ढीग, कवठं, बेलाच्या पानांच्या जुड्या. मी सहज विचारलं, "मावशी, आज रताळी एवढी कशी?" विकणारी बाई माझ्याकडे बघतच राहिली. "ताई, उद्या शिवरात न्हाय व्हय?"

महाशिवरात्र! म्हणजे उद्या सगळ्या गावाला कडक उपवास, आणि मी त्यांना मसालेभात जेवायला बोलावलं होतं. आमच्या कॅलेंडरवर त्या रविवारचे शास्त्रपाठ होते, वेदीवर कुठल्या रंगाचं कापड घालायचं तेही होतं, पण शिवरात्र नव्हती. आणि मंडळीत एकालाही ती आठवली नव्हती. असली चूक फक्त आम्हा लूथरन लोकांनाच जमू शकते! घरी येताना बसमध्ये मी मनातल्या मनात स्वतःला लाखोली वाहत होते.

आबांना सांगितलं तेव्हा ते ओट्यावर शेंगा सोलत होते. त्यांचे हात थांबले. मी म्हटलं, पुन्हा पुढे ढकलते. ते म्हणाले, "न्हाय पोरी. सारखं ढकलल्यालं आवतन कसलं? सैपाक कर. आपलं आपन खाऊ." उपवासाचा फराळ करावा, असंही मनात आलं. पण ज्या पातेल्यांत आम्ही सणासुदीला मटण शिजवतो, त्यांतलं कुणाला शिवरात्रीला चालेल? विचारायची छातीच झाली नाही. मी चर्चमध्ये जाऊन पुढच्या बाकावर बसले. नेहमी मी देवाला काय करायचं ते सविस्तर सांगत असते. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "प्रभू, मला काही सुचत नाही. ही पंगत आता तुझी." आणि खरं सांगते, रडू आलं.

रविवारी उपदेश कशावर झाला, मला आठवत नाही. आशीर्वाद झाला आणि आम्ही बाहेर आलो. चर्चपुढच्या मंडपात बौद्ध वस्तीवरची माणसं लेकराबाळांसह आली होती. वस्तीवरच्याच, शाळेत शिकवणाऱ्या शोभाताईंनी तर येताक्षणी वाढायच्या बादल्या ताब्यात घेतल्या. त्यांना बघून धीर आला. पण आबा फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांची नजर रस्त्यावर होती. रस्ता रिकामा होता. मी त्यांना आत बोलवायला निघाले, तेवढ्यात वळणावर ट्रॅक्टरचा आवाज आला.

ऊसवाहतुकीचा असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण तो आमच्या फाटकातच वळला! पुढे आबांच्या रोजच्या चहातले सोबती, गावचे बागायतदार तात्या. मागे ट्रॉलीत त्यांची बायको, सुना, शेजारीपाजारी, पोत्यांनी रताळी आणि डब्यांत शेंगदाण्याचे लाडू. त्याच्यामागून मोटारसायकली, चालत येणारी माणसं. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. मी वेड्यासारखी "आबा, आबा" ओरडत सुटले, जणू ते मला दिसत होतं आणि त्यांना नाही.

तात्या खाली उतरले. "आबा, मेसेज आला तवाच घरात म्हनली, त्या दिशी शिवरात हाय, कळवा. म्या म्हनलं, आजिबात न्हाय कळवायचं! मानूस काठी टेकत दारात आलं हुतं. उपास हाय तर उपासाचं खाऊ, पन बसायचं आबांच्या पंगतीलाच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चूल तुमची, रताळी आमची. उकडायला घे."

"काकू," मी तात्यांच्या बायकोला म्हटलं, "थोडं थांबा, कुठून तरी नवं पातेलं आणते. ह्यात आमचं..." मला पुढचं बोलवेना. काकूंनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं, नळाखाली विसळलं, त्यात रताळी ओतली. "नवं कशाला गं? पावन्याला येगळं भांडं कोन देतं? पानी घाल म्होरं." मी पाणी घातलं. त्या पातेल्यात माझेही डोळे गळत होते आणि काकू मला हसत होत्या.

मग पंगत बसली. एकाच्या पानात मसालेभात आणि वांग्याची भाजी, शेजारच्या पानात वाफाळती रताळी आणि शेंगदाण्याचा लाडू. पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले, तशी तात्यांनी हात वर केला. "आबास्नी म्हनू द्या." आबांची प्रार्थना म्हणजे आमच्याकडे चेष्टेचा विषय, इतकी लांबते की भात गार होतो. आबा उठले, हात जोडले, डोळे मिटले. फेट्याचा शेमला थरथरत होता. ते एवढंच म्हणाले, "देवा, आली रं समदी." आणि खाली बसले. आम्ही आमेन म्हणायचं विसरलो. तात्याच शेजारून म्हणाले, "आली, आबा, आली."

हा चमत्कार होता का, मला माहीत नाही. तात्यांना कुणी सुचवलं, हेही मी विचारलेलं नाही. मला एवढंच कळतं, की मी नीट आखलेलं सगळं फसलं होतं आणि जे घडलं त्यातलं काहीच माझ्या यादीत बसलं नसतं. देवाच्या हातात दिलेली गोष्ट मी दर वेळी अर्ध्या वाटेतून परत घेत आले. त्या शनिवारी परत घ्यायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. तेवढी रिकामी जागा त्याला पुरली. त्याबद्दल मी त्याचे उपकार कसे मानू?

बुधवारी सकाळी काकू घरी आल्या. "आजपासनं तुमचा उपास न्हवं? तुमच्यात काय काय चालतं ते सांग, करून आनते." मी म्हटलं, "काकू, आमच्यात तसं सगळंच चालतं." "मंग कसला मेला उपास!" म्हणत त्या पोट धरून हसल्या. पण संध्याकाळी राखेच्या उपासनेला तात्या आणि त्या खरोखर आले आणि संकोचून शेवटच्या बाकावर बसले. पाळकसाहेबांनी पहिलं गीत सांगितलं. तेवढ्यात आबा पुढच्या, पंचांच्या बाकावरून उठले, काठी टेकत मागपर्यंत गेले, आणि तात्यांना म्हणाले, "सरका जरा. मला बी बसू द्या."