ब्राऊनच्या काठावर

मी गोल्फ खेळायचे म्हटलं की माझ्या नाती हसतात. हसू द्या. खेळताना पाहिलं असतं तर हसून आडव्या पडल्या असत्या.

इंग्रजांच्या राज्यात वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची गोष्ट. हे खामगावात एका कापूस कंपनीचे डॉक्टर. कंपनीच्या गोऱ्या साहेबानं गावाबाहेर माळावर गोल्फचं मैदान केलं होतं. हिरवळ आमच्याकडे कुठली टिकायला? चेंडू पाडायच्या भोकाभोवती वाळूचं गोल अंगण, त्यात इंजिनाचं जळकं तेल कालवलेलं. त्याला 'ब्राऊन' म्हणत. साहेबाच्या मडमेला सोबत म्हणून रविवारी मीही जाऊ लागले, मोठ्या तोऱ्यात. लांबचा फटका बरा जमायचा. पण ब्राऊनच्या काठावरून चेंडू अलगद उचलून भोकापाशी टाकायचा असतो. माझा या काठावरून थेट पलीकडे, तिथून परत इकडे. बाकीचे तोवर चहा पिऊन यायचे.

तशात नवरा-बायकोच्या जोड्यांची स्पर्धा ठरली. एकच चेंडू, दोघांनी आळीपाळीनं मारायचा. मामंजी जेवताना म्हणाले, "खेळा. पण चार लोकांत हसू झालं, तर ती काठी चुलीत."

 डोईवरचा पदर घसरला तरी कुणी टोकत नाही, अशी आठवड्यातली ती एकच सकाळ होती माझी.

मडम म्हणाली, मारताना तुझं मनगट वळतं; आणि त्या बांगड्या काढ, फार वाजतात. मी शहाणीनं घरी येऊन सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, खेळापुरत्या बांगड्या काढू का?"

"कोनाच्या नावानं काढतं वं? नवरा जित्ता हाये अजून." मग तूर निवडता निवडता म्हणाल्या, "मले दाखव, काय करतं ते."

परसात भोकाच्या जागी सूप ठेवून मी चेंडू मारला. बांगड्या खळकन वाजल्या, चेंडू गोठ्यात. पुन्हा खळकन, पुन्हा गोठ्यात. म्हैस माझ्याकडे बघत राहिली.

आत्याबाईंनी मान वर केली नाही. "भाकर उलथल्यावानी मनगट काऊन झटकतं? खळकन वाजलं का चेंडू म्हशीपाशी जाते. वाजू देऊ नको."

खरंच, भाकरीसारखा मी चेंडू उलथत होते. उचलायचं काम काठीच्या तिरक्या पात्याचं, ते मी अंगावर घेतलेलं. मनगट तसंच ठेवून खांद्यापासून हात झुलवला, तशा बांगड्या जेमतेम कुजबुजल्या आणि चेंडू सुपात. मग रोज दुपारी तेच. वाजल्या की आतून आवाज यायचा, "गेला वं म्हशीकडं."

स्पर्धेत शेवटच्या ब्राऊनपर्यंत आम्ही दुसऱ्या एका जोडीशी बरोबरीत. मामंजी पुढेच खुर्ची टाकून बसलेले. काठाबाहेरून मी मारला. चेंडू उठला, वाळूवर टेकला, घरंगळत भोकापासून वीतभर अंतरावर थांबला. यांनी फक्त ढकलायचा होता. यांनी ढकलला, तो भोकाशेजारून निघून गेला. माळभर हशा पिकला.

घरी आत्याबाईंनी विचारलं, "मंग?"

"हसले लोकं," मामंजी म्हणाले. मी काठी पाठीमागे धरली. "तुह्या पोरावर हसले. सुनेले पुढच्या इतवारी धाड. हा नाही गेला तरी चालते."

पुढं कितीतरी वर्षं माळावरच्या सकाळी मला मिळाल्या, त्या आत्याबाईंमुळे. त्या स्वतः कधी आल्या नाहीत. एकदा मी हट्टच धरला, तर म्हणाल्या, "मी आली तं सैपाक कोन करन वं? तू जा. दमानं ये."