कमी ऐकू येणाऱ्या अप्पांनी गाडीचा आवाज शोधला

मंडळी, आज लई भारी वाटतंय, म्हणून लगेच लिहितेय.

आठवडाभर ॲक्सिलरेटर दाबला की आमची गाडी ‘ऊंऽऽऽ’ करत होती. गॅरेजवाला म्हणाला, गिअरबॉक्स खोलावा लागेल.

सकाळी पाचोडहून माझे वडील आले. अप्पा बस डेपोत मेकॅनिक होते, पण ऐकू कमी यायला लागल्यापासून त्यांनी पान्ह्याला हात लावला नव्हता.

“गाडी जागेवरच रेस कर,” ते म्हणाले. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनच्या एकेका भागावर टेकवून त्यांनी त्याची मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला लावली. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर थांबले.

“इथं हाडातनं खरखर कळतीय. बेरिंग गेलं.”

अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट काढून गाडी सुरू केली, तर आवाज गायब. अल्टरनेटरची पुली हातानं फिरवली, तर मलाही खरखर जाणवली.

दुपारी नवं बेरिंग बसवलं. आत्ताच मुकुंदवाडीपर्यंत चक्कर मारून आलो. गाडी एकदम शांत.

“अप्पा, आवाज गेला,” मी त्यांच्या कानाशी ओरडले.

“मला तर आधीबी येत नव्हता,” म्हणाले आणि किती दिवसांनी मोकळे हसले.

तुमच्या घरात असं कुणी आहे का, ज्यांना आपण विचारायचंच सोडून दिलंय?