दोन ओळी, दहा सेकंद

चिन्मय, ईरा,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं एका सुरात म्हणालात, "आजी, आजोबांचा भाग पुसून टाक, तुझं मशीन पटापट चालेल." मी विषय बदलला. आजोबांना जाऊन सहा आठवडे झाले. उत्तर नीट द्यावं म्हणून आता लिहिते आहे.

सोनिवलीच्या या घरात आलो तेव्हा आम्ही एकच कॉम्प्युटर घेतला आणि पहिल्याच आठवड्यात भांडलो. ऑफिसातली माझी सगळी वर्षं विंडोजवर गेलेली. पत्रं, प्रिंटर, तुमचे फोटो, सगळं मला तिथे हाताशी सापडायचं. आजोबा अंबरनाथच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करत. ज्याचं झाकण उघडता येत नाही ते यंत्र त्यांना आपलं वाटतच नसे. त्यांना लिनक्स हवं होतं, आतून उघडून हवं तसं बदलता येणारं. "अगं, तुझं विंडोज मधेच सांगतं, थांबा, मी नवीन होतोय. घर कोणाचं, त्याचं की आपलं?" मी म्हणायचे, "आणि तुमच्या लिनक्सला प्रिंटर ओळखायला चार दिवस लागले, त्याचं काय?" उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये दुरुस्तीचं दुकान असलेले त्यांचे मित्र लछमनभाई चहा पिता पिता निकाल द्यायचे, "साहेब, गिऱ्हाईकला मशीन चालू पाहिजे. आझादी कोण मागतो?" शेवटी लछमनभाईंनीच डिस्कचे दोन भाग करून दिले, एकात लिनक्स, दुसऱ्यात विंडोज. मशीन लावलं की पडद्यावर दोन ओळी येतात, वर आजोबांची, खाली माझी. दहा सेकंदांत खालचा बाण दाबला नाही, तर मशीन आजोबांकडे जातं आणि पासवर्ड मागतं.

माझा पासवर्ड डायरीत, तारखेसकट. त्यांचा कुठेच नाही. "लिहून ठेवा हो," म्हटलं की हसायचे. "किल्ली दारालाच टांगायची, तर कुलूप कशाला?"

आपल्या भागात आजोबा तुमच्यासाठी गोष्टी वाचून रेकॉर्ड करत होते. सगळ्या झाल्या की एकदम पाठवणार होते. मग पक्षाघाताचा झटका आला. बोलणं गेलं, उजवा हात गेला, आणि डोक्यातला पासवर्डही. रोज सकाळी मला खुणेनं खुर्ची पडद्यावरच्या पासवर्डच्या चौकोनासमोर न्यायला लावायचे. डाव्या हातानं एकेक अक्षर दाबायचे, चुकायचे, पुन्हा दाबायचे. मी मागे उभी. चौथ्या मजल्यावर, तीन खोल्यांत, महिनोन्‌महिने आमच्या सकाळी तिथेच अडकल्या. एकदा मी वैतागून बोलून गेले, "माझ्या विंडोजनं तुम्हाला असं दारात उभं केलं नसतं." त्यांनी मान वळवली नाही... ते वाक्य मला अजून परत घेता आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच खालचा बाण दाबला आणि माझ्या विंडोजवरून तुम्हाला व्हिडिओ कॉल लावायची खूण केली. वाद मी जिंकले होते. असा नको होता.

परवा लछमनभाईंनी दुपारभर खटपट केली. "भाभी, साहेबने ताला पक्का लावला. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तरी आतलं वाचता येत नाही. पुसू का?" माझ्या भागात जागा उरलेली नाही, तुमचे नवे फोटो उतरत नाहीत, हे खरं आहे. पण त्यांचा आवाज आत आहे. मला तो उघडता येत नाही, म्हणून पुसायचा का? मी लछमनभाईंना म्हटलं, "चहा घ्या."

तर पुसलेलं नाही. मशीन हळू चालतं, चालू दे. रोज सकाळी दोन ओळी येतात, दहापासून आकडे उतरतात, आणि मी बाण दाबायला थोडा उशीर करते. वरची ओळ आजोबांचीच आहे.