पार्टिशनपलीकडचे मास्तर

एखाद्या माणसावर सलग किती वर्षं रागावता येतं याची कुठे नोंद ठेवत असतील, तर तिथे माझं नाव पहिलं निघेल. आणि त्याचं सगळं श्रेय माझ्या वर्गाच्या लाकडी पार्टिशनपलीकडे शिकवणाऱ्या मास्तरांना द्यावं लागेल. तेव्हा, म्हणजे पन्नास-साठच्या काळात, बंगळूरच्या जुन्या पेठेत मराठी मंडळींनी चालवलेली एक लहानशी शाळा होती. एका लांबलचक हॉलमध्ये मधोमध पार्टिशन घालून दोन वर्ग केलेले. अलीकडे मी सातवीला गणित शिकवत असे. पलीकडे ते सहावीला काय शिकवत, हे कोणालाच नक्की सांगता येत नसे. वेळापत्रकात नागरिकशास्त्र लिहिलेलं होतं. ऐकू मात्र यायच्या इंजिनाच्या शिट्ट्या, म्हशींचं हंबरणं आणि मधूनच तीस-चाळीस गळ्यांतून एकदम उठलेली आरोळी, "हरकत आहे!" इकडे माझ्या फळ्यावर अपूर्णांकाची बेरीज अर्धवट लटकलेली.

"मुलांना उत्तरं येतात हो मास्तर, ठरवता येत नाही," असं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. त्यासाठी त्यांनी एक खेळ काढला होता. कोटाच्या दोन्ही खिशांत चिठ्ठ्या. प्रत्येक पोराने एक चिठ्ठी उचलायची, तीत जो निघेल तो व्हायचं, आणि त्याची बाजू जीव तोडून मांडायची. एका चिठ्ठीवर लिहिलेलं असे 'ठरवणारा'. तो निकाल देई आणि निकालाचं कारण देई. कारणाशिवाय निकाल चालत नसे, आणि रडणं हे कारण धरत नसत. एकदा ठरलं की मग ते पाळायचं, मग आभाळ कोसळो. मास्तर स्वतःही चिठ्ठी उचलत, आणि चिठ्ठीत निघालेलं सोंग तास संपेपर्यंत सोडत नसत.

एकदा वर्गाचं यशवंतपूर स्टेशन झालं. रूळ एकच मोकळा, गाड्या दोन. एकीत लग्नाचं वऱ्हाड, मुहूर्त टळायला आलेला; दुसरीत बाजाराला निघालेले टोमॅटो. तासभर शिट्ट्या मारून आणि भांडून स्टेशनमास्तर झालेल्या मुलीने वऱ्हाड थांबवलं. "लग्न उद्याही होतंय," ती म्हणाली, "टोमॅटो उद्या टोमॅटो राहत नाहीत." त्या मुलीच्याच आत्याचं लग्न पुढच्या आठवड्यात होतं. पोरीने घरी जाऊन हा निकाल सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा काठी घेऊन शाळेत आले. चुकून माझ्या वर्गात शिरले. त्यांचं सगळं मी ऐकून घेतलं.

दुसऱ्या एका खेळात वर्ग नगरपालिका झाला आणि धूळ येते म्हणून खिडक्या आठ दिवस बंद ठेवायचं ठरलं. एप्रिल महिना. हॉल एकच असल्याने वाफ आमच्याकडेही यायची. मी पार्टिशनच्या दारातून डोकं घालून ओरडलो, "अहो, उघडा त्या खिडक्या! पोरं उकडून मरतील!" मास्तर घामाने निथळत होते. "ठरवलंय त्यांनी," ते म्हणाले, "निस्तरायला नको?" आठव्या दिवसानंतर त्या वर्गाने, ज्यांना झळ पोचेल त्यांना न विचारता काही म्हणून ठरवलं नाही, हे मला कबूल करावं लागतं, पण तेव्हा मी ते कबूल केलं नव्हतं.

सगळ्यांत कहर झाला तो तपासनीस आले त्या दिवशी. मास्तरांना चिठ्ठीत नेमकी म्हैस आली होती. तपासनीस दारात उभे, आणि मास्तर कोपऱ्यात शांतपणे रवंथ करताहेत. "इथे शिकवतं कोण?" तपासनिसांनी विचारलं. पुढच्या बाकावरची मुलगी अदबीने उठली. "ते आज म्हैस आहेत जी. तुम्ही बसा स्वल्प, तास संपला की ते माणूस होतील." शिपाई माझ्याकडे धावत आला, "काय हे गलाटे, मेष्ट्रे!" नुसता गोंधळ कसला, शाळेच्या अब्रूचं खोबरं झालं होतं. संध्याकाळी मी त्यांना वाट्टेल ते बोललो. ते सगळं ऐकून म्हणाले, "तुम्ही रागावता तेव्हा कारणं फार चांगली देता." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पण या सगळ्यापेक्षा खरा राग मला आला तो त्या वर्षीच्या मार्चमध्ये, आणि तो आधी त्यांच्यावर नव्हता. मुलं कमी होत चालली होती. कारखान्यांत नोकरीला असलेले आईबाप पोरांना इंग्रजी शाळांत घालू लागले होते. शाळेच्या समितीने ठरवलं की सहावी-सातवी एकत्र करायची आणि दोघांतला एक मास्तर कमी करायचा. कोणता? ते समितीला ठरवेना. पाच मोठ्या हुद्द्याचे, कोट-टायवाले गृहस्थ, आणि एकाच्याही तोंडून नाव निघेना, वाईटपणा नको म्हणून! चिटणिसांनी आम्हा दोघांना बोलावून चहा दिला. "तुम्ही दोघं शहाणे आहात. आपसांत ठरवा की, आणि सोमवारी कळवा." मी कपबशी आपटून उठलो. मला तीन मुलं. माझ्या तापट स्वभावापायी आधीच्या दोन नोकऱ्या गेलेल्या. तिसरी गेली तर चौथी कोण देणार? मास्तर एकटे, थोरल्या विधवा अक्काबरोबर राहणारे. पण त्या वर्गाबाहेर त्यांना दुसरं जगच नव्हतं, हेही मला ठाऊक होतं. ते चहा संपवून कानडीत एवढंच म्हणाले, "सरी," म्हणजे बरं.

शनिवारी मी फळ्यावर त्रैराशिक मांडत होतो आणि पलीकडून त्यांचा आवाज आला, "आजचा खेळ: शाळेची समिती. दोन मास्तर आहेत, एकालाच ठेवायचंय." माझ्या हातातला खडू तिथेच थांबला. माझ्या पोराबाळांचा घास हा माणूस चिठ्ठ्यांत घालतो? मी पार्टिशनच्या दाराशी गेलो. फटीतून पलीकडचं दिसत होतं. कडीला हात घातला. आणि तेवढ्यात चिठ्ठ्या उघडल्या.

'नागरिकशास्त्राचे मास्तर', म्हणजे ते स्वतः, ही चिठ्ठी गेली वर्गातल्या सगळ्यात बडबड्या मुलीकडे. ती उभी राहिली आणि तिला रडू फुटलं. आणि रडणं तर कारण धरत नसत. आणि 'गणिताचे मास्तर' ही चिठ्ठी निघाली मास्तरांच्या हातात.

"मी रागीट आहे," ते माझ्या वतीने बोलू लागले. वर्ग हसला. माझी नक्कल त्यांनी केली नाही. अगदी साध्या आवाजात बोलले. "मी ओरडतो. शेजारच्या वर्गालाही ओरडतो. पण माझ्या हाताखालून गेलेलं एकही पोर दुकानात फसत नाही. आणि मी ओरडतो ते तुम्हाला येत नाही म्हणून नव्हे. तुम्हाला येणारच, ही माझी खात्री असते. मग उशीर का, म्हणून ओरडतो." माझ्या बायकोने, माझ्या आईने, कोणी म्हणजे कोणीही माझ्याविषयी असं कधी बोललं नव्हतं. दार लोटून आत जायचं आणि ओरडायचं, हा पोरखेळ बंद करा, मी जातो, किंवा दोघं मिळून समितीशी भांडू. एवढंच करायचं होतं. माझी तीन पोरं माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. कडी मी काढली नाही.

ठरवणारी चिठ्ठी एका अबोल मुलीकडे होती. वय अकरा-बारा. ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "गणिताचे मास्तर राहू देत. आमच्या मास्तरांनी जावं. कारण, ठरवायला आम्हाला आता येतंय. गणित अजून यायचंय."

सगळे गेल्यावर मी त्या वर्गात शिरलो आणि जमिनीवरच्या चिठ्ठ्या एकेक गोळा करून तपासल्या. लबाडी सापडावी अशी मी मनोमन प्रार्थना करत होतो. त्यांनी मुद्दाम माझी चिठ्ठी उचलली असती, तर तो त्यांचा त्याग झाला असता, मी त्यांचे उपकार मानले असते आणि मोकळा झालो असतो. पण सगळ्या चिठ्ठ्या एकाच मापाच्या, एकाच घडीच्या होत्या. व्हरांड्यात गाठून मी त्यांच्यावर ओरडलो, घसा बसेपर्यंत ओरडलो. ते म्हणाले, "कारण ऐकलंत का तिचं? केवढं अचूक कारण दिलं पोरीने!" त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते अभिमानाने. सोमवारी त्यांनी राजीनामा दिला. समितीने हार घालून त्यांचा निरोप समारंभ केला. त्या पाचांपैकी एकाचंही मी त्यानंतर तोंड पाहिलं नाही, समोर दिसले तरी.

चार-पाच वर्षांनी बायकोबरोबर चिकपेटला साडी घ्यायला गेलो, तर गल्लीतल्या एका दुकानात गादीवर मास्तर. भाच्याचं दुकान. विकणं त्यांना काही जमत नसावं. एका बाईंना ते ही साडी का घेऊ नये याची कारणं समजावून सांगत होते. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. बायको साड्या बघत होती तेव्हा मी एकदम बोलून गेलो, "त्या शनिवारी मी दाराशी उभा होतो. सगळं ऐकत होतो."

"माहीत आहे," साडीची घडी घालता घालता ते म्हणाले. "तुमचा वर्ग एवढा गप्प कधीच नसायचा."

"मग हाक का नाही मारलीत?" माझा आवाज चढला. दुकानातली माणसं वळून बघू लागली.

"ते तुमचं तुम्ही ठरवायचं होतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात बोचणारं काही नव्हतं. मग आम्हाला निरोप द्यायला ते गर्दीतून गल्लीच्या तोंडापर्यंत आले, माझ्या मुलांची नावं घेऊन चौकशी केली, आणि हात जोडून उभे राहिले. वयाने ते माझ्याहून चार वर्षांनी लहान. म्हणून मी त्यांच्या पाया पडलो नाही. पडायला हवं होतं.