येतो म्हणायचं बटण

नवा गेम येणार म्हटलं की मला काही सुचत नाही. तिशी उलटली, चष्म्याचा नंबर वाढला, तरी तारीख जाहीर झाली की मला जत्रेला निघाल्यासारखं होतं. ट्रेलर मी इतक्यांदा बघते की आईला त्याचं संगीत पाठ होतं आणि भाकऱ्या थापताना ती ते गुणगुणते. ट्रेलरमध्ये काय असणार हे मला आधीच ठाऊक असतं. एक दाढीवाला माणूस, त्याच्या मागे जळणारं गाव, आणि शेवटी तो तलवार उपसून आभाळाकडे बघतो. मग तारीख. मग ती पुढे ढकलल्याबद्दल कंपनीची गोड शब्दांत माफी. मग नवी तारीख. मी दर वेळी चिडते, आता ह्यांच्या नादी लागायचं नाही असं घरभर सांगत सुटते, आणि गेम निघाला की पहिल्या मिनिटाला हजर.

ह्या वेडातूनच मी कॉमिक काढायला लागले. चार चौकटींचं, इंटरनेटवर, दर नव्या गेमवर एक. त्यानं नाव झालं, पण पोट भरलं ते लग्नपत्रिकांवरच्या गणपतींनी आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सनी. आमचं गाव समुद्रकाठच्या थळपासून आतल्या बाजूला, भातशेतीत. बाबा कारखान्यातून निवृत्त झाले आणि आता शेत बघतात. गावात गेमवर बोलायला मला कुणीच नव्हतं, म्हणून मी कॉमिकमध्ये आईबाबांनाच ओटीवर बसवलं आणि त्यांना बोलायला लावलं.

खरं सांगायचं तर लावावं लागत नव्हतं. तेव्हा आमच्याकडे नेट म्हणजे माझा मोबाइल. रेंज फक्त माडीच्या खिडकीत, म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून गजाला बांधायचा. अख्खा गेम त्यावरून उतरायला दिवसच्या दिवस लागायचे, आणि तोवर घरात नेटचा कडक उपास. आईची मालिका बंद, बाबांचे बैलगाडा शर्यतींचे व्हिडिओ बंद. मग संध्याकाळी करायचं काय? तिघं ओटीवर बसायचो आणि आत काय असेल ह्याचा अंदाज बांधायचो. रस्त्यानं जाणारी बायामाणसं आईला विचारायची, "किती झाला गं?" आणि आई चुलीवर भात असल्यासारखं सांगायची, "निम्मा झालाय, अजून कच्चा हाय."

बाबांचे प्रश्न ठरलेले. "ह्यो हिंडतोय डोंगरातून, मग ह्याची शेती कोन बघतं?" आईचा जीव भलतीकडेच. "एवढ्या बर्फात उघड्या छातीनं फिरतोय मेला, आजारी पडंल." मी हे उतरवून घ्यायचे आणि चौकटीत टाकायचे. वाचक म्हणायचे, काय भन्नाट सुचतं तुम्हाला. मी आभार मानायचे.

मग एकाच सुमारास दोन गोष्टी घडल्या. गावात फायबरचं नेट आलं, आणि पुण्याच्या एका वेबसाइटच्या संपादिकेचा फोन आला. तीन नवे गेम, तीन कॉमिक, प्रत्येक गेम निघाल्या दिवशीच रात्रीपर्यंत हवं. जमलं तर कायमचं काम. म्हणजे गणपतींना रामराम. मला ते काम इतकं हवं होतं की फोन ठेवल्यावर मी अंगणात उड्या मारल्या आणि वाळत घातलेल्या सुकटीवर पाय दिला.

पहिला गेम अर्ध्या तासात उतरला. अर्ध्या तासात! मी दिवसभर खेळले आणि अगदी मुद्द्याचं कॉमिक काढलं. तलवारबाजी जड झालीय, नकाशा गोंधळाचा आहे, पहिल्याच दिवशी आलेली दुरुस्तीची फाइल मूळ गेमएवढी आहे. सगळं खरं. कुणी हसलं नाही. दुसऱ्याचंही तेच झालं. खाली प्रतिक्रिया आल्या, आईबाबा कुठायत? आईबाबा आपापल्या कोपऱ्यात होते, एक मालिकेपुढे, एक बैलांपुढे. नेट सुसाट, ओटी रिकामी. संपादिकेनं कळवलं, "तुझं सगळं बरोबर आहे गं, पण हसू येत नाही. तिसरं बघू आणि ठरवू."

तिसरा गेम म्हणजे ज्याची मी वर्षानुवर्षं वाट बघत होते तो. एरवी मी नाचले असते. त्या दिवशी दुपारी तो उतरला, सुरू झाला, आणि माझं डोकं कोरं करकरीत. पडद्यावर सुंदर डोंगर आणि हातात पेन घेऊन मी ठोंब्यासारखी. तेवढ्यात बाबा चहाचा कप घेऊन आले आणि मागे उभे राहून बघायला लागले. माझा धीर सुटला होता. कंट्रोलर त्यांच्या हातात कोंबला आणि म्हटलं, "बाबा, तुम्हीच खेळा."

"मी? ह्यो रिमोट कसा धरायचा?"

पहिली काही मिनिटं नायक भिंतीला नाक घासत चालला. मग त्याची मान वर गेली ती खाली येईना. "आभाळ मात्र बरं काढलंय," बाबा म्हणाले. हळूहळू त्यांना चालता आलं, तसे ते गावातलं घरन् घर बघून आले. "गोठा हाय, गाय न्हाय." "विहिरीला रहाट न्हाय, पानी काय तलवारीनं काढतात?" मी पटापट रेखाटायला घेतलं. गेमची सुरुवात अगदी सोपी आहे. नायकाची आई दारात उभी असते, त्यानं वेशीबाहेर पडायचं आणि जग वाचवायचं. बाबा दारापाशी आले, तशी ती काहीतरी बोलली.

"काय म्हनते?"

"जपून जा म्हणते."

"मग मी काय म्हनू?"

"काही नाही. चालायला लागा."

बाबा थांबले. "असं कसं? येतो म्हनायला नको? कुटलं बटन त्याचं?"

"तसं बटण नाही, बाबा."

मीच कुठे लपवून ठेवलंय असा चेहरा करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एवढी बटनं दिल्यात, आन् तेवढं एक न्हाय?" त्यांचा विश्वासच बसेना. मग त्यांनी ते शोधायला घेतलं. एक बटण दाबलं, नायकानं आईसमोर उडी मारली. दुसरं दाबलं, कोलांटी घेतली. तिसरं दाबलं, शीळ घातली आणि कुठून तरी घोडा आला. चौथ्याला त्यानं आईवर तलवार उपसली. "अरं अरं अरं! आत घाल ती!" बाबा उठून उभेच राहिले.

आरडाओरडा ऐकून माझी आई मालिका सोडून धावत आली. "निघाला का तो?"

"कसा निघंल? आईला सांगितलं न्हाय अजून."

आईला हे पूर्ण पटलं. ती पाटावर बसली. मी कळवळून म्हटलं, "बाबा, तिकडं जग बुडतंय!" बाबा म्हणाले, "बुडायला वेळ लागतो, थांबंल जरा." माझी हसून हसून मुरकुंडी वळली. चष्मा ओला, चौकटीमागून चौकट भरतेय. कित्येक महिन्यांत मी इतकी सुखात नव्हते.

आणि मग त्यांचा अंगठा एका बटणावर पडला आणि नायक खाली वाकला. गवतात लपून शत्रूच्या मागे जायला असतं ते बटण. "वाकला! बाय, वाकला बघ!" बाबा ओरडले. आता त्याला नीट आईसमोर आणायचं होतं. पहिल्यांदा तो विहिरीपुढे वाकला. मग एका कोंबडीपुढे. माझी आई म्हणाली, "थोडा डावीकडं घ्या... आता, आता." नायक आपल्या आईच्या पायांपाशी वाकला. बाबांनी बटण जरा वेळ दाबूनच धरलं.

जवळ गेलं की ती बाई ते एकच वाक्य बोलते. ती पुन्हा म्हणाली, जपून जा. आणि माझ्या मागून, पाटावर बसल्या बसल्या, माझी आई अगदी सहज म्हणाली, "सावकाश ये रे बाळा." आशीर्वादाला तिचा हात वर गेला होता. बाबांनी नायकाला उठवून वेशीबाहेर काढलं, कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि ते गुरांना पाणी दाखवायला गेले.

जेवणाआधी मी कॉमिक पाठवून दिलं. चार चौकटींत मावलं नाही, नऊ झाल्या. चार ठरल्या असताना नऊ पाठवल्यावर काम गेलंच, असं धरून मी रखडलेला एक गणपती रंगवायला घेतला.

सकाळी संपादिकेचा फोन आला. आधी नुसती हसत होती. कोंबडी, घोडा, "आत घाल ती", सगळं मला पुन्हा सांगून हसली, जसं काही मी तिथे नव्हतेच. मग म्हणाली, काम तुझंच, कायमचं, आणि तुझ्या बाबांना सांग, नऊ काय अठरा चौकटी चालतील. मी किंचाळले. आईनं आतून विचारलं, काय झालं गं.

"बरं, ठेवते आता," संपादिका म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "घरी फोन करायचाय. दिवाळीत भांडून निघाले होते. आई दारात उभी होती, आणि येते म्हणायचं राहूनच गेलं."