ग्रहणातली आखणी

लेक तीन वर्षांची होती तेव्हा मी गणपतीचे डोळे रेखणं सोडलं.

हमरापूरला आमचा मूर्तींचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घराला लागून पत्र्याची शेड, बाकी काही नाही. डोळे रेखण्याला आम्ही आखणी म्हणतो. बारीक ब्रश घ्यायचा, श्वास धरायचा आणि रेघ एकदाच ओढायची. अंगाचा रंग कोणीही लावतं, आखणी घरात एखाद-दुसऱ्यालाच जमते. मला जमायची, आणि मला त्याची चांगलीच घमेंड होती.

सोडताना सगळ्यांना सांगितलं, हात थरथरतो. हात ठणठणीत होता. पण डॉक्टरांनी लेकीला ऑटिझम असल्याचं सांगितलं आणि मला ती एकच सकाळ आठवायला लागली. मला सहावा महिना होता, सूर्यग्रहण लागलं होतं आणि माघी गणपतीच्या मूर्ती दुसऱ्या दिवशी टेम्पोत चढायच्या होत्या. आमच्याकडे पोटुशी बाई ग्रहणात चिरत नाही, शिवत नाही, रेघ ओढत नाही. सासूबाई घुटमळल्या, मग म्हणाल्या, "एवढ्या आखून टाक गो." त्या म्हणाल्या नसत्या तरी मी बसलेच असते. मी अकरा मूर्तींचे डोळे रेखले. आणि आता माझीच पोर कोणाच्या नजरेला नजर देत नव्हती. मी बारावी सायन्स झालेली बाई, ग्रहण म्हणजे निव्वळ सावली हे मला पाठ. तरी मनातून ते काही जाईना.

सासूबाई त्याच सुमारास बिनसाखरेचा चहा प्यायला लागल्या. "शुगर हाय," म्हणायच्या. मोदकालाही हात लावत नसत. गोळी घेताना मात्र कधी दिसल्या नाहीत. मी चिडवायचे, "आई, तुमची शुगर सणासुदीलाच कशी वर येते?" त्या हसत नसत. त्या सकाळबद्दल आम्ही दोघी चकार शब्द बोललो नाही. त्या मनातल्या मनात मलाच दोष देत असणार याची मला खात्री होती, म्हणून मीही उगाच त्यांच्यावर फणकारायचे.

दर गुरुवारी लेकीला घेऊन गाडीने रोह्याला जायचे, थेरपीला. माझं माहेरही तिथलंच. लेक फार बोलत नाही. पण वाटेत कासू स्टेशन आलं की खिडकीला नाक लावून "कासू" म्हणते, आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत म्हणत राहते. थेरपीच्या बाईंनीच सुचवलं की मुंबईहून महिन्यातून एकदा मोठ्या डॉक्टरीणबाई येतात, त्यांना दाखवून जनुकांची तपासणी करून घ्या. मग आम्हा तिघांचं रक्त घेतलं, लेकीचं, माझं आणि नवऱ्याचं. ही बातमी फुटली मात्र, दोन्ही घरं आपापल्या पूर्वजांची बाजू मांडायला उभी राहिली. रोह्याहून आई फोनवर म्हणाली, "आपल्याकडं असला कोणी नाय." सासरकडच्या आत्यांनी तेच ऐकवलं. मला कोणाच्याही घराण्यातून निघालं असतं तरी चाललं असतं. माझ्या आखणीतून निघू नये, एवढंच हवं होतं. ग्रहण रक्तात दिसत नाही हे कळत होतं, तरी रिपोर्ट येईपर्यंत घास गोड लागला नाही.

रिपोर्टच्या दिवशी नवऱ्याने कंपनीत शिफ्ट बदलून घेतली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुष्कळ मुलांत असं एक नेमकं कारण सापडत नाही. हिच्यात सापडलंय. एका जनुकात छोटासा बदल आहे. तो तुमच्यात नाही, यांच्यातही नाही. हिच्यातच नव्याने झालाय."

"कधी?" मी विचारलं.

"बहुधा गर्भ राहण्याच्या सुमारालाच. तुम्हाला दिवस गेल्याचं कळायच्याही आधी."

"सहाव्या महिन्यात नाही?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग मी सगळं सांगून टाकलं, ग्रहण, टेम्पो, अकरा जोड्या डोळे. त्या हसल्या नाहीत, याचे उपकार मी विसरणार नाही. म्हणाल्या, "याच्याशी ग्रहणाचा किंवा रेघेचा काही संबंध नाही. तुम्ही काही केलंत म्हणून हे झालेलं नाही." रिपोर्ट आला म्हणून थेरपी चुकणार नव्हती, मुलगी आहे तीच राहणार होती, हेही त्यांनी सांगितलं. मी तिथंच रडले. नवरा बिचारा गोंधळला. "एवढी वर्षं हे पोटात घेऊन बसलीस?" एवढंच म्हणाला.

परतीच्या गाडीत लेक कासूला नेहमीसारखी "कासू" म्हणाली. मीही म्हटलं, मोठ्याने. समोरची बाई टकमक बघायला लागली. मला इतकं हलकं वाटत होतं की मी तिलाही म्हटलं, कासू.

घरी सासूबाई शेडमध्ये कच्च्या मूर्तीला पॉलिश पेपर मारत होत्या. डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी त्यांना सावकाश सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"सहाव्या महिन्यातला नाय?"

माझाच प्रश्न त्यांच्या तोंडून आला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"नाय आई. अगदी पहिल्यापासूनचं हाय."

त्यांनी मूर्तीच्या सोंडेवरची पूड पदराने पुसली. मग म्हणाल्या, "चाय टाक गो. माझ्यात साखर घाल."

"आणि शुगर?"

"शुगर कधी होती मला? तुला मीच बसवलेली त्या दिवशी. पोरीचा कळला तवाच देवाफुडं गोड सोडला."

तीन वर्षं एकाच शेडमध्ये आम्ही दोघी एकाच गुन्ह्याची शिक्षा वेगवेगळी भोगत होतो, आणि गुन्हा झालाच नव्हता. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. आमच्याकडे सासूला कोणी मिठी मारत नाही, म्हणून मी जाऊन चहात दोन चमचे साखर जास्त घातली.

चहा घेऊन आले तर माझ्या जुन्या पाटासमोर रंगवून झालेली एक मूर्ती आणून ठेवलेली, डोळ्यांच्या जागा कोऱ्या. बाजूला बारीक ब्रश, धुऊन टोक काढलेला.

"हात थरथरतो ना गो तुझा?" सासूबाईंनी विचारलं.

"नाय आई," मी म्हटलं. "कधीच थरथरत नव्हता."