दोन विहिणींची वाईन

किस्से काही कुणी जमवायला जात नाही. गोरेगावच्या आमच्या गावठाणात चार ख्रिस्ती घरं एकत्र बसली आणि मध्ये वाईनची बरणी असली, की ते आपोआप साठतात! त्यात सत्तरच्या दशकात आसपासच्या गावठाणांचा वाईनचा मेळा सुरू झाला. नाताळ सरला की चर्चच्या आवारात जो तो आपल्या घरची वाईन मांडायचा. कुणाची जांभळाची, कुणाची मनुकांची, कुणाची आल्याची.

त्यातला एक मेळा आमच्या रेजिनामावशीच्या अगदी जिवाशी आला होता. तिच्या लेकीचं लग्न चारकोपच्या मार्थाबाईंच्या मुलाशी ठरलेलं. लग्नात टोस्टला, म्हणजे नवरानवरीच्या नावानं ग्लास उंचावायला, वाईन कुणाच्या घरची उचलायची, यावर दोन्ही विहिणी अडून बसल्या. मावशीनं तर आपलीच वाईन उचलायची, हे लेकीच्या जन्मापासून मनात धरलेलं! शेवटी फादर म्हणाले, "मेळ्यातच काय तो निकाल लावा." पण तो किस्सा मागाहून.

*

आधी दारूबंदीच्या कडक दिवसांतला. झडतीला हवालदार दारात! आमच्या मायनं झटकन बरणीवर पांढरा रुमाल टाकला, वर फुलं ठेवली, पुढे मेणबत्ती लावली. हवालदार भाविक माणूस. त्यानं टोपी काढून हात जोडले.

"बाई, नवसाला पावतो काय?"

"पावतो तर! पण महिनाभर वाट बघावी लागते!"

*

मेळा सुरू झाला तेव्हा मोठी पंचाईत परीक्षकाची. गावठाणं वेगवेगळी, पण सगळे एकमेकांचे सोयरे! मग आम्ही शेजारच्या शाळेतल्या कांबळे मास्तरांना गाठलं. मास्तर वर्ध्याकडचे बौद्ध, दारूच्या थेंबालाही न शिवलेले.

"अहो, मला यातलं काय कळतं?"

"म्हणून तर तुम्ही!"

नाइलाजानं मास्तर बसले. औषध घ्यावं तशी चमच्यानं वाईन घेत गेले आणि पेपर तपासावेत तसे मार्क देत गेले. नातालीनकाकूच्या आल्याच्या वाईनला म्हणाले, "विषय समजलेला आहे, पण उत्तर फार तिखट!"

काकू महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही.

*

आमचा बेर्नाद स्टुडिओत कामाला. शूटिंगला लागणाऱ्या बाटल्या त्याच्या ताब्यात. एकदा घाईघाईत घरची बाटली राहिली घरी आणि परदेशी लेबलची शूटिंगची बाटली आली मेळ्यात. लेबल बघूनच लोक तुटून पडले. "वा! काय चव! फॉरेनची ती फॉरेनचीच यार!" दोन ग्लासांत इस्तेवकाका झिंगला, रडायला लागला, भावाच्या गळ्यात पडून त्यानं जुनं भांडण मिटवलं!

बेर्नाद माझ्या कानात म्हणाला, "वाट लागली रे! आत काळा चहा हाय!"

"गप बस," मी म्हटलं. "भांडण तर मिटलं ना!"

*

आता दोन विहिणींचा. मास्तरांनी दोघींच्याही जांभळाच्या वाईनला सारखेच मार्क दिले. झाली ना पुन्हा अडचण! मावशीचा चेहरा उतरला. तेवढ्यात मार्थाबाईच पुढे झाल्या. "व्याह्यांनाच चाखू द्या. ते म्हणतील ती बाटली लग्नात उचलू. मला कबूल!"

व्याही म्हणजे मावशीचा नवरा, आमचे पास्कूकाका. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोला कधी बरं म्हटलं नाही, की वाईट म्हटलं नाही. दोन्ही बाटल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्यापुढे ठेवल्या. मावशी पुढे सरकून बसली. काकांनी पहिली चाखली. दुसरी चाखली. पुन्हा दुसरी घेतली आणि उभेच राहिले.

"ही! ही आमच्या रेजिनाची! डोले बांधून सांगीन! असला हात साऱ्या पंचक्रोशीत नाय! मी हिला कधी बोललो नाय, पण या हाताच्या जिवावरच तर माझं घर उभं हाय!"

टाळ्या पडल्या. फादरनी फडकं सोडलं.

बाटली मार्थाबाईंची!

पास्कूकाकांना कुठं बघावं कळेना. मार्थाबाईसुद्धा जिंकून ओशाळल्या.

मावशी उठली. पदरानं डोळे पुसले, आणि बघतो तर हसत होती! मार्थाबाईंचा हात धरून म्हणाली,

"विहीणबाय, लग्नात तुमचीच वाईन उचलू. ह्यांचं बोलणं मात्र माझ्यासाठी होतं, ते मी घरी नेते!"